विचारा की ताईला : बरं झालो, आता सांगायचं का गप बसायचं?

या महिन्यात पत्रं, मेसेज, आणि एक चक्क वहीच्या पानावर लिहून आमच्या गेटमध्ये खोचलेली चिठ्ठी, असं सगळं मिळून बरंच आलं. त्यातली चार निवडलीत. चौघांचं दुखणं वेगवेगळं पण अडलेत सगळे एकाच ठिकाणी, की आजारातून उठल्यावर ते लोकांना सांगायचं का आणि सांगायचं तर कसं. सुरुवात गेटमधल्या चिठ्ठीनं करते, कारण तिच्यापायी दोन रात्री मला नीट झोप नाही लागली.

ताई नमस्कार. मी सोलापूरला विडी घरकुलमध्ये राहते, वय ३८, सातवी शिकले, विड्या वळते. आमचं घर तेलुगू आहे, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. मागच्या वर्षी मला टीबी झालता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, आता बेडका निगेटिव्ह आलाय, वजन पण भरलंय. आता आशाताई आणि दवाखान्यातले सर मागं लागलेत की तू टीबी चॅम्पियन हो, म्हणजे बरं झालेल्यानं आपलं लोकांना सांगायचं, बायका विड्यांचा माल द्यायला येतात तिथं दहा मिनिटं बोल, तुझं ऐकून चार जणी तपासून घेतील. मला बोलावं वाटतंय. कारण पहिल्याच आठवड्यात माझी लघवी केशरी लाल झाली, मला वाटलं रक्तच जायलंय, भिऊन मी पाच दिवस गोळ्या बंद केल्या. कुणी आधी सांगितलं असतं तर? पण अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायलेत की पोरगी १९ वर्षांची आहे, गावभर बोंब केलीस तर तिला कोण करून घेईल. अत्तम्मा वाईट नाहीत हो. पण आजारात त्यांनी माझं ताट वेगळं केलं, मागच्या बाजूला खिळ्यानं फुली मारून. मी बरी झाले तरी ते ताट अजून वेगळंच आहे. आणि मला चार माणसात बोलता येत नाही, रडू येतं. काय करू? — एक विडी कामगार

बाई, आधी एक सांगते, ज्या बाईला "चार माणसात बोलता येत नाही" तिनं खिळ्यानं मारलेली फुली एका ओळीत लिहिली आणि मला दोन रात्री जागवलं. तेव्हा बोलता येत नाही हे मला सांगू नका.

आता अत्तम्मांचं. मी इथं बसून म्हणू शकते की असल्या कारणानं मोडणारं स्थळ मोडू दे, बरंच झालं. पण ते म्हणायला माझं काय जातंय, माझ्या पोरी कधीच नांदायला गेल्या. म्हणून तसं म्हणणार नाही. अत्तम्मांची भीती खुळी नाही, आपल्याकडं अजून टीबीचं नाव काढलं की लोक आवाज खाली करतात. पण एक बघा, यात पोरीला कुणी विचारलंय का? ती १९ वर्षांची आहे, सहा महिने आईच्या गोळ्या तिनं बघितल्यात, कदाचित मोजून पण दिल्या असतील. अत्तम्मा आणि तुम्ही दोघी तिच्या नावानं भांडताय आणि ती आत बसून ऐकतीय. आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर सध्या नको, गोष्ट काय नासत नाही. पोरगी हो म्हणाली तर अत्तम्मांचं निम्मं बोलणं तिथंच संपतं.

आणि हो म्हटलं म्हणजे गावभर झालं असं पण नाही. बोलायचं कुठं, किती, कुणासमोर हे तुम्ही ठरवायचं, दवाखान्यातल्या सरांनी नाही. सर चांगलेच असतील, पण त्यांना २४ मार्चचा कार्यक्रम करायचा असतो (१८८२ साली त्या तारखेला रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून तो जागतिक क्षयरोग दिन) आणि कार्यक्रम म्हटलं की बॅनर आला, फोटो आला, फोटो ग्रुपवर आला, आणि मग तो कुठं कुठं फिरेल सांगता येत नाही. तेव्हा पहिल्यांदाच सांगून टाका, की मी बोलते पण फोटो नाही, व्हिडिओ नाही, पेपरात नाव नाही. बोलायला उभ्या राहिलात की बायकांना पण म्हणा, मोबाईल पदराखाली घाला बघू. हसतील आणि ठेवतील.

आता कसं बोलायचं ते. इथं मला माझी फजिती सांगावी लागणार, इलाज नाही.

२०१२ साली माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो वगैरे सगळं उरकलं आणि पुढच्या संक्रांतीला, गड्डा जत्रेच्या दिवसांत, एका महिला मंडळानं मला हळदीकुंकवाला बोलावलं, की तुमचा अनुभव सांगा. मी मास्तरीण, तीस वर्षं वर्गात बोललेली, मला काय कमी. पाठ करूनच गेले. मी कॅन्सरशी लढले, मी हरले नाही, मी जिंकले, मनात आणलं तर बाई काय करू शकत नाही वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. मग वाण घेताना एक हिरव्या साडीतली बाई माझ्यापाशी आली, हातात वाणाची ती प्लॅस्टिकची चहागाळणी, आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, माझी बहीण दिवाळीत गेली ह्यानंच. ती काय कमी लढली होती का?" मी काहीतरी पुटपुटले. ती गेली, आणि जाताना ती गाळणी खुर्चीवर ठेवून गेली. ती गाळणी अजून माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

त्या दिवसापासून लढले-जिंकले बंद. नंतर कुणी बोलावलं की मी फक्त झालं ते सांगायला लागले. की गाठ लागली ऑगस्टमध्ये आणि मी डॉक्टरकडं गेले एप्रिलमध्ये, कारण मुलाचं बारावीचं वर्ष होतं, आणि खरं म्हणजे ते कारण नव्हतंच, मी भ्यायले होते. ऑपरेशननंतर अंगाला नळी लावून एक बाटली देतात तिच्यात पाणी साठतं, ती बाटली मी भाजीच्या कापडी पिशवीत घालून खांद्याला अडकवून घरभर हिंडायचे आणि एकदा दूधवाल्यानं विचारलं बाई घरात पिशवी घेऊन कुठं निघालात. यावर बायका हसतात. आणि हसून झाल्यावर, दरवेळी हं, एखादी तरी मला स्वयंपाकघराच्या दारामागं ओढते आणि म्हणते, मला पण इथं काहीतरी लागतंय, बघता का. त्या जिंकल्याच्या भाषणानंतर असं एकदाही झालं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते की तुमची केशरी लघवी ही तुमच्याकडची सगळ्यात भारी गोष्ट आहे, तिच्यापासूनच सुरू करा. लाजायचं नाही. नारदीय कीर्तन तुम्ही कधीतरी ऐकलं असेल, बुवा पूर्वरंगात अभंग फोडून सांगतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात, आणि घरी जाताना बायका आख्यानच बोलत जातात. तर टीबी म्हणजे काय, जंतू कसा, हा पूर्वरंग दवाखान्यातल्या सरांना करू द्या. तुम्ही थेट उत्तररंग. सकाळी मोरीत गेले, बघते तर केशरी, पायातलं बळच गेलं, नवऱ्याला सांगायची लाज, पाच दिवस गोळ्या उशीखाली. मग आशाताई आल्या आणि म्हणाल्या अगं बाई, तो गोळीचा रंग आहे. तो रंग रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा असतो, त्यानं काही होत नाही, पण बायकांना नाव सांगू नका, नुसतं "गोळीचा रंग, रक्त नव्हे" एवढं सांगा, तेवढं लक्षात राहतं. आणि गोळ्या मधेच सोडल्या तर तोच टीबी औषधाला न जुमानणारा होऊ शकतो हे सरांकडून लगेच वदवून घ्या. नाहीतर कुणीतरी तेवढंच ऐकून जाईल की पाच दिवस बंद केल्या तरी ही बरी झाली की वो!

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, किती गोळ्या घ्यायच्या ते तुम्ही कुणाला सांगायचं नाही. गोळ्या वजनावर असतात, मोठ्या माणसाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज तीन, ५० ते ६४ असेल तर चार. तुम्ही म्हणाल मला तीन होत्या, आणि चारवाली बाई घरी जाऊन एक कमी करेल, असं खरंच होतं. दुसरं, बोलून झाल्यावर जी कोण तुमच्याजवळ येऊन म्हणेल की माझ्या नवऱ्याला पण खोकला आहे, तिला तुम्ही "काय नाही होत" म्हणायचं नाही आणि "टीबीच असेल" पण म्हणायचं नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, यातलं काही असलं की बेडक्याची डबी न्यायची, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, बस. जमलं तर तिच्याबरोबर जा. तुमचं दहा मिनिटांचं बोलणं एकीकडं आणि दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसणं एकीकडं. आणि पैशाचं बायका विचारणारच, उपचार चालू असताना पोषणासाठी खात्यावर पैसे येतात ते, २०१८ पासून महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, ते सांगा. कुणाकुणाचं खातंच नसतं आणि तिथंच अडतं.

भाषेचं म्हणाल तर तेलुगूतच बोला की. मराठीत चुकेल म्हणून कशाला घाबरायचं, समोर बसलेल्या निम्म्याअधिक बायकांच्या घरात तुमच्यासारखंच बोलतात ना? आणि उभं राहून बोलू नका. मांडीवर सूप घ्या, तेंदूपत्ता कापता कापता बोला, हात चालू असला की तोंड आपोआप चालतं. रडू आलं तर येऊ द्या, थांबा, एक विडी वळा, पुढं बोला.

राहिलं ताट. ते सांगायचं का? हे मला सगळ्यात अवघड वाटलं. कारण ताटाची गोष्ट तुमची एकटीची नाही, अत्तम्मांची पण आहे, आणि त्या चार बायकांत त्यांना पण रोज उठून बसायचंय. टीबी ताटावाटीतनं पसरत नाही, खोकल्यातनं हवेतनं पसरतो, आणि साध्या टीबीत औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत पसरायचं प्रमाण पण खूप कमी होतं, हे बायकांना कळायलाच पाहिजे आणि ताटानं ते जेवढं कळेल तेवढं पोस्टरनं नाही कळणार. पण अत्तम्मांना न विचारता सांगितलंत तर ती चुगली होईल. तुम्हीच लिहिलंय त्या वाईट नाहीत. मग त्यांनी फुली का मारली असेल? सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या त्या काळातलं त्यांचं बालपण, तेव्हा टीबीला वर्ष-दीड वर्ष औषध, आणि वर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, आणि ते मधेच सोडून देऊन गेलेली माणसं त्यांनी घरात नाहीतर गल्लीत नक्की बघितली असणार. एखाद्या दुपारी विचारा त्यांना, की तुमच्या माहेरी कुणाला झालता का. मला वाटतंय त्या सांगतील. आणि एकदा सांगायला लागल्या की तुमच्या आधी त्यांनाच कारखान्यात न्यावं लागेल बहुतेक.

ताई, मी ४४ वर्षांचा, व्यापारी. दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट टाकले. त्यानंतर मी स्वतःला पूर्ण बदललं, रोज कंबर तलावावर पाच किलोमीटर, तळलेलं बंद, ज्वारीची भाकरी. रोज सकाळी स्टेटस टाकतो, लोकांना प्रेरणा मिळते, खूप मेसेज येतात. मागच्या महिन्यात मी टाकलं होतं "चालण्यानं मी औषधांना हरवलं". आमच्या वॉकिंग ग्रुपमधल्या एकानं, त्याला पण स्टेंट आहे, ते वाचून रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांनी त्याला झापलं आणि त्याच्या बायकोनं मला. काही झालं नाही देवाच्या कृपेनं. पण माझी चूक काय? मी तर माझा अनुभव सांगितला. — स्टेटसवाला

चूक सांगू का? तुम्ही स्वतः गोळ्या बंद केल्यात का? पत्रात कुठंच लिहिलेलं नाही. म्हणजे तुम्ही पण सकाळी भाकरीच्या आधी गुपचूप खाताय आणि स्टेटसला हरवलं म्हणताय. हा अनुभव नाही हो साहेब, ही जाहिरात झाली.

स्टेंट म्हणजे आत बसवलेली जाळी, तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या गोळ्या असतात, आणि त्या आपल्या मनानं बंद केल्या तर स्टेंटच बंद पडून पुन्हा अटॅक येऊ शकतो. किती महिने घ्यायच्या, कुठली कधी कमी करायची हे डॉक्टर ठरवणार, कंबर तलाव नाही. चालणं चांगलंच आहे, चालाच. पण आज संध्याकाळच्या आत एक स्टेटस टाका, की मी चुकीचं लिहिलं होतं, मी गोळ्या घेतो, रोज घेतो, आणि पाहिजे तर गोळ्यांच्या डबीचा फोटो लावा. त्या मित्राच्या घरी जाऊन बायकोसमोर पण म्हणा. ते स्टेटसपेक्षा अवघड आहे, माहितीय मला.

आणि तुमच्या गोष्टीतलं खरं कामाचं तुम्ही कुणाला सांगतच नाही. मी तुम्हाला परत मेसेज करून विचारलं की अटॅकच्या दिवशी काय झालं, तर तुमचं उत्तर आलं की रात्री जेवणानंतर छातीत जळजळ झाली, वाटलं अॅसिडिटी, दोन गोळी सोडे प्यायलो, घाम आला तर पंखा वाढवला, जबडा दुखायला लागला तर वाटलं दाढ असेल, आणि असे चार तास घालवून मग भाच्याच्या स्कूटरवर मागं बसून दवाखान्यात गेलो. अहो हे टाका ना स्टेटसला! दोन गोळी सोडे आणि चार तास. सोलापुरात जेवण जड झालं की सोडा हे आपलं ठरलेलंच, त्यामुळं हे वाचून निम्म्या गावाला आपलाच चेहरा दिसेल. छातीवर दाब, घाम, हात-जबडा दुखणं, आणि डायबेटिस असणाऱ्यांना किंवा बायकांना कधीकधी छातीत न दुखता नुसताच दम लागणं, मळमळणं, असं काही झालं की सोडा नाही, स्कूटर नाही, १०८ ला फोन. तुमच्या पाच किलोमीटरनं कुणाला प्रेरणा मिळत असेल नसेल, पण त्या चार तासांची गोष्ट ऐकून एखादा पंधराव्या मिनिटाला दवाखान्यात पोचला तर त्याच्या हृदयाचा स्नायू वाचतो, कारण रक्त बंद झालं की तो दर मिनिटाला मरत असतो.

मान्य आहे, यात तुम्ही हिरो दिसत नाही. पंखा वाढवणारा माणूस दिसता.

मी २०२१ मध्ये कोरोनात १७ दिवस ऑक्सिजनवर होतो. त्यावर पुस्तक लिहिलंय, १४० पानं. एक प्रकाशक ६० हजार मागतोय, ३०० प्रती देणार. काढू का? — निवृत्त कर्मचारी

६० हजार देऊ नका. ३०० प्रती माळ्यावर जातात आणि बायको दरवर्षी दिवाळीला त्यावरची धूळ झाडते, आमच्या शेजारी बघितलंय. १४० पानं वाया नाहीत, त्यातलं शेजारच्या कॉटवरच्या माणसाचं जे प्रकरण तुम्ही नमुन्याला पाठवलंय, त्यानं तुम्हाला अर्धं मोसंबं दिलं ते, तेवढं चार पानांत करून दिवाळी अंकांना पाठवा. छापलं तर तेच तुम्हाला मानधन देतील, निदान अंक तरी देतील. मात्र त्या माणसाचं नाव गाव तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय, ते बदला, नाहीतर त्याच्या घरच्यांना आधी विचारा.

ताई, माझी आई ६१ वर्षांची, सोलापूरला एकटी असते, मी पुण्यात. तीन वर्षांपूर्वी तिला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, आता ठीक आहे. पण ती भेटेल त्याला आजाराचं सांगत सुटते. भाजीवाली, रिक्षावाला, कुणी पण. परवा तिला एसटीनं पुण्याला आणत होते, शेजारच्या अनोळखी बाईला मोहोळ येईपर्यंत गाठ कशी लागली ते, टेंभुर्णीला ऑपरेशन, इंदापूरला केमो आणि भिगवणला केस गेले ते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला म्हटलं की आई आता विसर ना ते, तर दोन दिवस बोलली नाही. तिला कसं थांबवू? — लेक

अगं, भिगवणला केस गेले हे वाचून मी आधी हसले, माफ कर. मग माझी पिशवी आठवली. मी पण सुरुवातीला एसटीत सांगितलंय, आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्या गाडीत सांगितलंय, तिथं तर निम्मी गाडीच तपासणीला चाललेली असते.

थांबवू नकोस. का सांगतीय ते बघ. तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही, ती म्हणजे तू तिला कधी विचारलंस का. तू तेव्हा आली असशील, बिलं भरली असशील, रिपोर्टच्या फायली सांभाळल्या असशील, पळापळ केली असशील, सगळं खरं, मी तुला कमी लेखत नाही. पण त्या पळापळीत "आई, तुला कसं वाटलं गं" हे राहून जातं, माझ्या मुलाचं पण राहिलं, आणि मग ते दूधवाल्याला सांगितलं जातं. पूर्वी पहाटे जात्यावर बसल्यावर बाई ओवीत सगळं काढून टाकायची, सासूचं, दुखण्याचं, माहेरचं. ऐकायला समोर दुसरा खुंटा धरलेली कुणीतरी असायचीच. जातं गेलं, एसटी राहिली.

आणि तू समजतेस तशी ती नुसती बडबड नाही हे तुला पटावं म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं सांगते. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यातल्या गावांसाठी. नोंदी घ्यायच्या तर लोकांत जायला लागणार, म्हणून तिथली माणसं गावोगाव जाऊन बायकांशी नुसतं बोलायची, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कसा असतो, अंगावरून काय जातं, कधी यायचं. ना गावात मशीन, ना मोठी तपासणी. आणि काही वर्षांत असं दिसलं की बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या स्टेजला यायला लागल्या, पूर्वी यायच्या तेव्हा वेळ निघून गेलेली असायची. नुसत्या बोलण्यानं हं. पुढं शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, मोठा अभ्यास झाला, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, आणि २००९ मध्ये त्याचा निकाल जगभर गाजला, की आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूनं हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी केली तरी त्या कॅन्सरनं मरणाऱ्या बायका जवळजवळ निम्म्यानं कमी होतात. पण तपासणीला बाई यायला तर पाहिजे ना, त्यासाठी आरोग्यसेविका दारोदार फिरल्या. कुणीतरी दारात येऊन बोललं म्हणून बाई उंबरा ओलांडते, आपणहून क्वचित.

तुझी आई तेच करतीय, फक्त तिला कुणी नेमलेलं नाही. तर नेम तिला. जिथं तिचे उपचार झाले तिथल्या समाजसेविकेला, नाहीतर नर्सबाईंना फोन करून विचार, की आई आठवड्यातनं एक दिवस केमोच्या दिवशी नवीन बायकांशेजारी बसली तर चालेल का. बऱ्याच ठिकाणी त्यांना हवंच असतं, कारण केस कधी जातात आणि परत येताना कसे कुरळे येतात हे डॉक्टर सांगतात एका वाक्यात आणि तुझी आई सांगेल इंदापूर ते भिगवण. तिला एवढंच शिकव की समोरच्या बाईचं आधी ऐकायचं, आणि "तुझं पण माझ्यासारखंच होईल" हे कधी म्हणायचं नाही, चांगल्या अर्थानं पण नाही. प्रत्येकीची गाठ वेगळी, औषध वेगळं. आणि एखादीला ऐकायचंच नसेल, खिडकीकडं तोंड करून बसली असेल, तर गप बसून डब्यातली शेंगाचटणी पुढं करायची.

तुला मेल्याहून मेल्यासारखं होतं ते पण मी समजू शकते, आपल्या आईच्या छातीबद्दल अनोळखी बाई ऐकतीय म्हटल्यावर कुणालाही होईल. मग पुढच्या वेळी असं कर, तिच्या शेजारची सीट त्या अनोळखी बाईला दे, तू मागची घे, आणि कानात ते वायरवाले घालू नकोस. वाटेत गाडी थांबली की चहा आणून दे दोघींना. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती कुणाजवळ रडली ते मला खात्री आहे तुला अजून माहीत नाही, त्या बाईला मात्र टेंभुर्णी यायच्या आत कळलं असणार.